लॅपटॉपचं कपाळ

“लिहून ठेवा शेखरभाऊ, आमच्या कंपनीत ‘नेटवर्क’ ही शिवी आहे!”

ललितने हे वाक्य अशा थाटात टाकलं, की ऐकणाऱ्याला वाटावं, याच्या कंपनीत शेदोनशे माणसं कामाला असतील आणि नेटवर्कचं नाव काढलं म्हणून रोज कुणा ना कुणाचा पगार कापला जात असेल. प्रत्यक्षात कंपनीत माणसं दोनच. एक ललित स्वतः आणि दुसरा रोहित. रोहित गंगापूर रोडला एका झेरॉक्सच्या दुकानाच्या माळ्यावर बसून कोड लिहायचा. ललित बाहेर फिरून तो विकायचा. म्हणजे विकायला जायचा. विकला गेला अजून एकदाही नव्हता.

कंपनीचं नाव ‘समक्ष’. काम असं, की धंदेवाल्याने गिऱ्हाइकाला एक लिंक पाठवायची, गिऱ्हाइकाने ती ब्राउझरमध्ये दाबायची, आणि दोघांनी एकमेकांना बघत, ऐकत सौदा करायचा. ॲप नको, डाउनलोड नको, पासवर्ड नको! हे तीन नकार ललितच्या तोंडात इतके बसले होते, की एकदा मिसळीच्या दुकानात पोऱ्याने “तर्री?” विचारलं तेव्हा तो “डाउनलोड नको” म्हणाला होता.

“म्हंजे व्हॉट्सॲपसारखंच ना?” शेखरभाऊंनी सरळ मनाने विचारलं.

ललितच्या चेहऱ्यावर, एखाद्या गवयाला ‘तुमची रिंगटोन फार गोड आहे हो’ म्हटल्यावर येईल तसा भाव आला.

“शेखरभाऊ, व्हॉट्सॲपवर माणसं गुड मॉर्निंगची फुलं पाठवतात. तुम्ही कंटेनर पाठवणार आहात! तुमच्या वेबसाइटवर, तुमच्या नावाखाली, तुमचा माल समक्ष दिसणार!”

शेखरभाऊंना पटलं. त्यांचं पिंपळगाव बसवंतला द्राक्षांचं पॅकहाउस होतं. आजवर त्यांचा माल मुंबईच्या एका दलालामार्फत परदेशी जायचा, आणि तिकडच्या पेटीवर नाव दलालाचं असायचं. याचा शेखरभाऊंना भारी राग. यंदा त्यांनी हॉलंडच्या हेन्ड्रिक नावाच्या व्यापाऱ्याशी थेट बोलणं लावलं होतं. हेन्ड्रिकचं म्हणणं एकच: माल पॅक होताना मला डोळ्यांनी दाखवा, मग कंटेनर पक्का. पॅकहाउसमध्ये सगळे त्याला हेंद्रेसाहेब म्हणत, आणि तो मूळचा निफाडकडचाच असणार, अशी बऱ्याच जणांची समजूत होती.

ललितच्या बाजूने बघितलं तर हा कॉल म्हणजे जीवनमरणाचा प्रश्न होता, आणि तो प्रश्न प्लायवूडचा होता. पंचवटीत त्याच्या मामाचं प्लायवूडचं दुकान. मामाने सांगून ठेवलं होतं, “पाडव्यापर्यंत एक तरी गिऱ्हाईक आणून दाखव. नाहीतर पाडव्याला मुहूर्तावर दुकानात यायचं आणि लॅमिनेटचे नमुने पुसायला बसायचं.” पाडवा तोंडावर आला होता. मामाने त्याच्यासाठी स्टूलसुद्धा घेऊन ठेवलं होतं, आणि त्याचा फोटो पाठवला होता.

कॉलच्या दिवशी ललित स्कूटरवरून पिंपळगावला पोचला तेव्हा पॅकहाउसमध्ये काम जोरात चाललं होतं. पत्र्याच्या उंच शेडमध्ये लांबलचक टेबलं. त्यांच्या दोन्ही बाजूंनी बायका डोक्याला टोप्या घालून, बारीक कात्रीने घडातले खराब मणी छाटत होत्या. ललितने मधल्या टेबलावर लॅपटॉप मांडला, ऐटीत उघडला, आणि सगळ्यांकडे असं बघितलं, जणू आता यातून कबुतर काढून दाखवणार आहे.

तेवढ्यात शेखरभाऊंच्या आई, कुसाबाई, ताट घेऊन आल्या. ताटात हळद, कुंकू, अक्षता, नारळ आणि झेंडूचा हार.

“आजी, हे काय?”

“पूजा. नवं मशीन आलं की पूजा झाल्याबिगर या शेडात काय चालू होत नाय.”

ते खरंच होतं. वजनकाट्याला टिळा होता. कूलिंगच्या मशीनला टिळा होता. टेम्पोला होता, पाण्याच्या फिल्टरला होता, आणि भिंतीवरच्या, आजवर कधीही न वाजलेल्या आगीच्या घंटेलाही होता.

“पण आजी, हे मशीन नाही. सॉफ्टवेअर आहे!”

“मग सॉफ्टवेअरची करू. कुठंय त्ये?”

“ते दिसत नाही.”

“देव तरी कुठं दिसतोय? त्याची करतोच ना?”

ललितकडे कॉम्प्युटर इंजिनीअरिंगची पदवी होती. या प्रश्नाचं उत्तर तिच्यात नव्हतं.

नेमका तेव्हा रोहितचा फोन आला. ललितने तो कानाला लावला आणि पहिल्याच वाक्याला त्याचा पारा चढला. रोहित सर्व्हर चालू न करताच चहाला गेला होता!

“आजच्या दिवशी? चहा? तुला माहितीये ना आज काय आहे?”

“बाबा,” कुसाबाईंनी विचारलं, “याचं कपाळ कुठंय?”

“आणि परत वर दोन मिनिटं सांगतोस? तुला लाज वाटते का रोहित?” असं ओरडता ओरडता ललितने दुसऱ्या हाताचं बोट स्क्रीनच्या वर, बरोबर मधोमध टेकवलं. लॅपटॉपला कपाळ असेल तर ते तिथेच असणार, यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं.

कुसाबाईंनी बोट ओलं करून तिथे आधी हळद लावली. मग कुंकू लावलं. वर अक्षता दाबल्या. चारी कोपऱ्यांना एकेक बोट ओढलं, हार घातला, हात जोडले. मग त्यांचं लक्ष ललितच्या कानाकडे गेलं.

“अगं बाई! याला तर तीन डोळे! महादेवच की!” त्या म्हणाल्या. आणि एकाला लावलं, दुसऱ्याला नाही, असं बरं दिसत नाही म्हणून त्यांनी कानाला लावलेल्या त्या फोनच्या पाठीवरही, तिन्ही डोळ्यांना मिळून, भक्तिभावाने बोट फिरवलं.

ललित तेव्हा “दोन मिनिटं म्हणजे नक्की किती मिनिटं?” या मुद्द्यावर होता. कानापाशी काहीतरी गार लागलं एवढंच त्याला जाणवलं. ते त्याने पंख्याच्या खात्यात टाकलं.

सर्व्हर चालू झाला. लिंक गेली. आणि खरोखर, ॲप नको, डाउनलोड नको, पासवर्ड नको, हेंद्रेसाहेब स्क्रीनवर अवतरले! लांबट चेहऱ्याचा, शांत डोळ्यांचा माणूस. तिकडे सकाळ होती. समोर बशीत पाव होता.

“बघा!” ललित शेखरभाऊंच्या कानात म्हणाला. “कसा दिसतोय? आहे का कुठे अडकत?”

हेंद्रेसाहेब ‘गुड मॉर्निंग’ म्हणाले आणि थांबले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“माफ करा,” ते इंग्रजीत म्हणाले, “तुमच्याकडे आग लागली आहे का?”

“येस सर!” शेखरभाऊ म्हणाले.

शेखरभाऊंची इंग्रजीबद्दलची एक पद्धत होती. साहेब प्रश्न विचारतोय असं सुरावरून कळलं, की ‘येस सर’ म्हणायचं. माणूस खूश राहतो.

“नो सर! नो फायर!” ललित मध्ये पडला. तेव्हा कुठे त्याने कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनात स्वतःचा चेहरा बघितला. तो लाल होता. शेखरभाऊ लाल होते. मागच्या बायका, टेबलं, पत्रे, सगळं लाल! टोमॅटोच्या क्रेटमध्ये बसून फोटो काढल्यासारखं!

“दाखवा माल,” हेंद्रेसाहेब म्हणाले. “मला व्हाइट द्राक्षं हवी आहेत.”

तिकडच्या व्यापारात आपल्या हिरव्या द्राक्षांना पांढरी म्हणतात. शेखरभाऊंना हे माहीत होतं, पण ऐन वेळी डोक्यातून गेलं. त्यांनी घड उचलून लॅपटॉपसमोर धरला आणि म्हणाले, “ग्रीन, सर! फुल ग्रीन!”

“ही तर लाल आहेत.”

“ग्रीन, सर!”

“मला व्हाइट हवी होती.”

“येस सर! ग्रीन!”

साहेब पांढरी मागत होते, शेखरभाऊ हिरवी सांगत होते, आणि स्क्रीनवर लाल दिसत होती. जागतिक व्यापार सुरू झाला होता.

“भाऊ, लाल का दिसू राहिलं?” शेखरभाऊंनी दातओठ आवळून ललितला विचारलं.

“व्हाइट बॅलन्स. कॅमेरा रंग जुळवतोय. आत्ता जाईल.”

ते गेलं नाही. उलट हेंद्रेसाहेब स्क्रीनच्या अगदी जवळ आले, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“घडावर डाव्या बाजूला ते पांढरं काय आहे? मिलीबग?”

हा शब्द मात्र शेखरभाऊंना पुरता कळला. मिलीबग म्हणजे पिठ्या ढेकूण. द्राक्षवाल्यासमोर वाघाचं नाव घेतलेलं परवडतं, याचं नाही. ते ‘येस सर’ म्हणायचंसुद्धा विसरले. त्यांनी घड उलटासुलटा करून बघितला. स्वच्छ! टेबलाशी घड छाटणाऱ्या फुलाबाईंनी दुसरा घड दिला. साहेब म्हणाले, यावरही आहे. तिसरा दिला. यावरही! प्रत्येक घडावर, डाव्या बाजूला, एकच पांढरा ढेकूण!

“त्याच जागी बसायला त्याचं रिझर्व्हेशन हाय का?” शेखरभाऊ संतापले. “माझ्या बागेत? मिलीबग? सोमनाथ औषधवाल्याला विचारा, बाग कशी ठेवलीय त्ये!”

ललितही संतापला होता. त्याला स्वतःचाच अपमान झाल्यासारखं वाटत होतं. इतकं गुळगुळीत चाललेलं चित्र, आवाज खणखणीत, हॉलंडचा माणूस पाव चावतोय तेसुद्धा ऐकू येतंय, आणि या लोकांचं काय तर म्हणे लाल दिसतंय!

त्याने रोहितला फोन लावला. रोहितने ब्राउझर बदलायला सांगितला. बदलला. लाल. साठवलेलं सगळं पुसून टाकायला सांगितलं. पुसलं. लाल, वर ललितच्या बँकेचा पासवर्डही गेला. लॅपटॉप बंद करून चालू करायला सांगितला. केला. हेंद्रेसाहेब परत लिंक दाबून हजर. भला माणूस!

“नुस्ता पाव खातोय बिचारा,” कुसाबाई स्क्रीनकडे बघून हळहळल्या. “त्याच्यासंगं चहा पण नाय. शेखर, विचार त्याला, घरी कुणी हाय का नाय करून घालायला?”

“आई, तू गप!”

मग शेखरभाऊंनी, अगदी हळू आवाजात, ती गोष्ट काढली.

“भाऊ, म्हणत असाल तर... व्हॉट्सॲपवर लावू का?”

ललितच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. ते स्क्रीनवर कुणाला दिसलं नाही, कारण तिथे तो आधीपासूनच लाल होता.

“व्हॉट्सॲप? शेखरभाऊ, व्हॉट्सॲप? दोन वर्षं आम्ही माळ्यावर घाम गाळतोय, आणि तुम्ही मला तोंडावर व्हॉट्सॲप म्हणता? अहो, समक्षला लॅपटॉपच लागतो असं नाही! फोनच्या ब्राउझरमध्येही चालतं! हे बघा!”

त्याने आपला फोन काढला, लिंक दाबली, मागचा कॅमेरा लावला आणि थेट फुलाबाईंच्या हातातल्या घडावर रोखला.

“सर, आता बघा! ढेकूण दिसतोय?”

“नाही,” हेंद्रेसाहेब म्हणाले. “ढेकूण गेला.”

“गेला!” ललित ओरडला. “समक्षने कीड मारली!”

“पण द्राक्षं लाल आहेत. मघापेक्षा जास्त.”

एका बाईच्या हातातली कात्री तेवढी एकदा वाजली. ललितने डोळे मिटले, आणि मग सावकाश उघडले. त्याच्या डोक्यात प्रकाश पडला होता.

“शेखरभाऊ,” तो वकिलासारखा म्हणाला, “लॅपटॉप वेगळा. फोन वेगळा. दोन कंपन्यांचे दोन कॅमेरे. दोन्हीत लाल. याचा अर्थ काय?”

“काय?”

“याचा अर्थ कॅमेरा निर्दोष आहे! ब्राउझर निर्दोष आहे! आम्ही निर्दोष आहोत! लाल आहे ते तुमच्या पॅकहाउसमध्ये!”

शेखरभाऊंनी आजूबाजूला बघितलं. आणि काय सांगावं, माणसाला एकदा सांगितलं की दिसायला लागतं. क्रेट लाल! बादली लाल! आगीची बाटली लाल! बाहेर उभा ट्रॅक्टर लाल!

“पत्र्याखाली या सगळ्याची झाक पडते,” ललितने निकाल दिला. “लाल वस्तू बाहेर काढा! सगळ्या!”

आणि ऐन हंगामात, ऐन पॅकिंगच्या वेळी, पिंपळगावच्या त्या पॅकहाउसमधून लाल रंगाची हद्दपारी सुरू झाली. क्रेट बाहेर गेले. बादल्या गेल्या. ट्रॅक्टर हायवेपर्यंत नेऊन लावला. आगीची बाटली भिंतीवरून निघेना, तर तिच्यावर गोणपाट टाकलं. मग ललितची नजर फुलाबाईंच्या साडीवर गेली.

“मावशी, तुम्ही जरा त्या खांबामागे उभ्या राहता का?”

“का वो?”

“साडी लाल आहे.”

“मग? मी काय सिग्नल हाय का?” फुलाबाई कडाडल्या. “पेठवरून इतक्या लांब कामाला येते ती खांबामागं उभं राहायला? आं? साडी भाच्याच्या लग्नातली हाय! तुमच्या त्या साहेबाला नाय आवडली तर त्यानं डोळे मिटावेत!”

बाकीच्या बायका टोप्यांआडून हसायला लागल्या. फुलाबाई पाय आपटत खांबामागे गेल्या, पण तिथूनही त्यांचं तोंड चालूच होतं.

ललितने शेवटची नजर फिरवली. कुसाबाईंच्या कपाळावर रुपयाएवढं ठसठशीत कुंकू होतं. तो त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला. एवढ्याशा कुंकवाने काय होतंय, असं त्याने ठरवलं. सत्याच्या इतक्या जवळ त्याची बुद्धी त्या दिवशी एकदाच गेली, आणि नमस्कार करून परत आली.

“आता, सर?”

“लाल,” हेंद्रेसाहेब म्हणाले. त्यांचा पाव संपला होता.

“मग सेन्सर तापलाय,” फोनवर रोहित म्हणाला.

“दोन्ही?”

“पिंपळगावात ऊन किती आहे बघ ना! गार जागी ने.”

हे मात्र शास्त्राला धरून वाटलं. आणि गार जागेची पॅकहाउसमध्ये काय कमी! छाटलेली द्राक्षं गार करायच्या खोलीचं जाड दार शेखरभाऊंनी ओढलं. ललित हारासकट लॅपटॉप घेऊन आत शिरला, मागून घड घेऊन शेखरभाऊ, आणि दार धप्पकन बंद झालं.

आत काळोख, एक मिणमिणता दिवा आणि हाडं वाजवणारी थंडी. ललित अर्ध्या बाह्यांच्या शर्टात. शेखरभाऊंच्या मिशीवर दव. हॉलंडच्या बाजूने बघायचं तर दृश्य असं होतं: एक लाल, अंधारी, बिनखिडकीची खोली. तीत दोन माणसं थरथरत उभी. तोंडातून वाफा येताहेत. आणि त्यातला एक हात पुढे करून रडवेल्या आवाजात म्हणतोय, “ग्रीन, सर... ग्रीन...”

हेंद्रेसाहेब पुढे झुकले. आवाज खाली आणला.

“ऐका. तुम्हाला तिथे कुणी कोंडून ठेवलं आहे का?”

“येस सर!” शेखरभाऊ म्हणाले.

“तुमच्या जिवाला धोका आहे का?”

“येस सर! येस सर!”

“नो सर! ही इज नॉट...” ललित सांगायला गेला, पण दात इतके वाजत होते की शब्दांचे तुकडे पडत होते.

“तुम्ही बोलू नका,” हेंद्रेसाहेब म्हणाले. “मला समजलं.”

“काय म्हणू राहिले साहेब?” शेखरभाऊंनी आशेने विचारलं. “पसंत पडला ना माल?”

“बाहेर चला!” ललित किंचाळला. “आधी बाहेर चला!”

दोघे धडपडत बाहेर आले. बाहेर मार्चचं ऊन पत्र्यावरून खाली उतरलेलं. बर्फासारखा गार पडलेला लॅपटॉप त्या गरम हवेत आला, आणि फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला फुटतो तसा त्याला घाम फुटला. झाकणावर थेंब, स्क्रीनवर थेंब, कपाळावर थेंब. कपाळावरचे थेंब एकत्र आले आणि खाली ओघळायला लागले.

शेखरभाऊ नेमके लॅपटॉपसमोर उभे होते. छोट्या चौकोनात ललितने बघितलं. शेखरभाऊंच्या टाळूपासून एक दाट, लालभडक धार निघाली, कपाळावरून नाकावर आली, नाकावरून मिशीत शिरली आणि हनुवटीपर्यंत पोचली. शेखरभाऊ शांतपणे हसत होते. हातात घड होता.

हॉलंडमध्ये बशी फुटली.

“डोकं फुटलंय त्यांचं!” हेंद्रेसाहेब उभे राहिले. “कोणी मारलं? देवा! अँबुलन्स बोलवा!”

“येस सर!” रक्तबंबाळ शेखरभाऊ म्हणाले.

तिकडे एक बाई धावत आली, तिने स्क्रीनकडे बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. इकडे कुसाबाई म्हणाल्या, “आली बाई कोणीतरी! मला वाटलंच, बायको असंल. तिला म्हणावं, उठून चहा कर की!”

ललितला मामाच्या दुकानातलं स्टूल दिसलं. त्यावर बसलेला तो स्वतः दिसला. हातात फडकं दिसलं. रागाने आणि थंडीने आणि उन्हाने एकदमच त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन वर्षं! माळा! पंखा! आणि शेवट असा! “अरे, निदान भिजू तरी नकोस!” असं लॅपटॉपवरच खेकसून त्याने खिशातला रुमाल काढला आणि सगळं ओलं, वरून खालपर्यंत, दणादणा पुसून काढलं.

आणि चित्र लख्ख झालं.

शेखरभाऊ नेहमीचे सावळे. बायकांच्या टोप्या पांढऱ्याशुभ्र. आणि शेखरभाऊंच्या हातात हिरवागार, टपोऱ्या मण्यांचा, उन्हात काचेसारखा चमकणारा घड. ढेकूण नाही, काही नाही.

तिकडे दोघं नवराबायको मटकन खुर्चीत बसली.

“तुम्ही ठीक आहात?”

“येस सर,” शेखरभाऊ म्हणाले, आणि त्या दिवसातलं ते पहिलं खरं उत्तर होतं.

“देवाची कृपा,” हेंद्रेसाहेब म्हणाले. त्यांनी घड बघितला, दुसरा बघितला, टेबलं बघितली, बायका बघितल्या. खांबामागून एक लाल साडी हळूच बाहेर आली, तीही बघितली. “उत्तम. व्हाइट अगदी अशीच हवी होती. कंटेनर पक्का. आणि हो, मघाची ती लाल जात असेल, तर तिचीही एक पेटी पाठवा. तसा रंग मी आजवर बघितला नाही.”

“येस सर!” शेखरभाऊ म्हणाले.

कॉल संपला. शेडमध्ये एकच गलका झाला. शेखरभाऊंनी ललितला असं कवटाळलं, की बरगड्यांचा आवाज आला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. ट्रॅक्टर परत आणायला माणूस पळाला.

ललितने तेव्हा हातातला रुमाल बघितला. तो लाल होता. मध्ये पिवळा डाग होता. आणि डागाच्या मधोमध, शांतपणे चिकटलेला, एक तांदळाचा दाणा होता.

त्याने सावकाश लॅपटॉपकडे बघितलं. हाराकडे बघितलं. मग फोन उलटा करून त्याच्या तीन डोळ्यांकडे बघितलं. आणि त्याच्या पोटातून संतापाची अशी लाट उठली, की ती तोंडापर्यंत आली असती, तर पिंपळगावपासून विंचूरपर्यंत ऐकू गेली असती. हे? यासाठी ट्रॅक्टर हायवेवर? यासाठी थंडीत? यासाठी मिलीबग?

“पण भाऊ,” शेखरभाऊ म्हणाले, “एक सांगा. बिघाड काय होता? म्हंजे हा सीझन तुमचंच वापरायचं नक्की, आगाऊ पैसे आजच टाकतो. पण लाल कशानं झालं होतं?”

सगळे ललितकडे बघायला लागले. कुसाबाई खोबऱ्याचा तुकडा पुढे करून समोर उभ्या होत्या. चेहरा समाधानाने फुललेला.

“सांगतो काय त्यो,” त्या म्हणाल्या. “पूजा झाली म्हणून निभावलं बघ! नायतर आज काय खरं नव्हतं. आणि कपाळ यानंच दावलं. पुण्य याचंच.”

ललितने रुमाल मुठीत दाबला. खरं सांगावं तर आजींचा हा चेहरा क्षणात उतरणार. शिवाय कपाळ कुणी दाखवलं, हा प्रश्न निघणार, आणि आजींनी तो आधीच काढून ठेवला होता. बिघाड सॉफ्टवेअरचा म्हणावा तर गिऱ्हाईक जाणार आणि स्टूल येणार. त्याने खोबरं तोंडात टाकलं, चावलं, गिळलं, आणि मान खाली घालून म्हणाला,

“नेटवर्क.”

“हां!” सगळं पॅकहाउस एका सुरात म्हणालं. कुणीही पुढे एक प्रश्न विचारला नाही.

“फक्त एवढं करा,” शेखरभाऊ म्हणाले, “दर कॉलच्या आधी तुम्ही सोता यायचं. आईच्या हातनं पूजा झाल्याबिगर चालू करायचं नाय.”

“येस सर,” ललित म्हणाला.

निघताना मात्र त्याची मान पुन्हा ताठ झाली. आपण गिऱ्हाईक मिळवलं होतं! त्याने हेल्मेट घातलं, काच खाली घेतली, फोन हेल्मेटमध्ये कानाशी खुपसला आणि स्कूटर चालू करता करता मामाला लावला.

“मामा! ते स्टूल विकून टाका! हो, मिळालं! पहिलं गिऱ्हाईक! कोण म्हणतं ब्राउझरमध्ये धंदा होत नाही? तुमच्या प्लायवूडला सांगा...”

कुसाबाई ताट घेऊन लगबगीने आल्या. लांबचा रस्ता, त्यात हायवे. त्यांनी ललितच्या डोक्यापुढे हात नेला. काचेवर बोटं फिरल्यासारखं वाटलं खरं, पण ललित तेव्हा मामाला ऐकवत होता, आणि असा योग रोज येत नाही. ऐकवत ऐकवतच तो गेटबाहेर पडला.

पिंपळगाव मागे पडलं. ओझर मागे पडलं. संध्याकाळ फारच सुंदर वाटत होती. सगळं आकाश तांबूस, रस्ता तांबूस, समोरचे ट्रक तांबूस. ललित खुशीत होता. आडगाव नाक्याला सिग्नल लाल दिसला. कायद्याचं पालन करणारा माणूस म्हणून तो थांबला. मागून हॉर्न वाजला. मग दोन. मग सगळे एकदम.

त्याचं डोकं फिरलं. या शहरात लोकांना थोडाही धीर नाही! तो मान वळवून मागच्या टेम्पोवाल्यावर ओरडला, “दिसत नाही का? लाल आहे!”

टेम्पोवाला खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आला. त्याने ललितच्या हेल्मेटकडे बघितलं, मग सिग्नलकडे बघितलं, आणि वेड्या माणसाशी बोलावं तसं, हात जोडून, एकेक शब्द सुटा करत म्हणाला,

“हिरवा हाय, भाऊ! फुल हिरवा!”

ललितने निमूटपणे खिशातला रुमाल काढला. उघडला. बघितला. आणि तसाच घडी करून परत खिशात ठेवला. पुसण्यासारखा त्यात एकही कोपरा उरला नव्हता.